फिजिओ सोडून संमोहन नको, सोबत असेल तर चालेल

पत्राचा सारांश: फोंडा तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं हे पत्र आहे. त्यांची आई ६१ वर्षांची. नऊ महिन्यांपूर्वी मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आणि त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं दोन महिन्यांत पूर्ववत झालं. पायही सुधारला, आता काठीशिवाय अंगणात फिरतात. हात मात्र मागे राहिला. खांद्यातून जेमतेम उचलला जातो. बोटं आवळलेली असतात, सांगितलं की थोडी उघडतात. फिजिओ आठवड्यातून तीनदा घरी येतात, पण 'चार महिन्यांत काडीचा फरक नाही' असं वाचक लिहितात. मामांच्या मते सहा महिन्यांनंतर जे राहिलं ते राहिलं. भावाने एक संमोहन करणारा गृहस्थ शोधला आहे. तो म्हणतो, 'मेंदू हाताला विसरलाय, दहा बैठकांत आठवण करून देतो.' अट अशी की तेवढे दिवस फिजिओ बंद ठेवायचा आणि दहाही बैठकांचे पैसे आधी द्यायचे. प्रश्न असा की हे करून पाहावं का? पत्राच्या शेवटी वाचक लिहितात, 'आई मुळात मनावरच घेत नाही. संमोहनाने निदान तिचं मन तरी तयार होईल का?'

ताई,

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी आधी घेते, कारण मला वाटतं तुमचा खरा प्रश्न तिथे आहे. 'आई मनावर घेत नाही.' पक्षाघात झालेल्या घरात हे वाक्य कोणी ना कोणी बोलतंच. बोलणारा वाईट नसतो. नऊ महिने औषधं, आंघोळ, जेवण, डॉक्टरांच्या फेऱ्या सगळं करून थकलेलं माणूस असतं ते. पण हे वाक्य बहुतेक वेळा खरं नसतं, आणि ज्याला ऐकावं लागतं त्याला ते फार लागतं.

आईचा पाय सुधारला आणि हात राहिला, यात तिच्या मनाचा दोष नाही. मेंदूत हाताचं, चेहऱ्याचं आणि बहुतेकांच्या बाबतीत डाव्या बाजूला वाचेचं काम पाहणारा भाग एका मोठ्या धमनीच्या रक्तावर चालतो. पायाचं काम पाहणारा भाग मुख्यतः दुसऱ्या धमनीवर. गुठळी बऱ्याचदा पहिल्या धमनीत अडकते, म्हणून हात जास्त मार खातो. तुमच्या आईची वाचाही सुरुवातीला गेली होती, ते याच्याशी जुळतं. शिवाय चालायला पाय थोडा सावरला तरी पुरतो. हाताचं तसं नाही. बटण लावायला बोटं नेमकीच चालावी लागतात.

दुसरी गोष्ट एडवर्ड टाऊब या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवून दिली. झटक्यानंतर सुरुवातीला माणूस दुबळा हात वापरून पाहतो. भांडं सुटतं, चहा सांडतो, घरातले धावत येतात. दुसऱ्या हाताने ते काम चटकन होतं. असं दिवसातून अनेकदा घडलं की मेंदू त्या हाताकडे वळणंच सोडून देतो, आणि पुढे हातात थोडी ताकद परत आली तरी तो वापरात येत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा आळस वाटतो. तो आळस नसतो, अनेक फसलेल्या प्रयत्नांतून मेंदूने घेतलेला धडा असतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते. पक्षाघातानंतर साधारण तीनातल्या एका माणसाला नैराश्य येतं. ते रडण्यातूनच दिसेल असं नाही. व्यायाम नको म्हणणं, भजनाला जायचं बंद करणं, पहाटे जाग येऊन पडून राहणं, पानात वाढलेलं तसंच ठेवणं, अशातूनही ते दिसतं. यातलं काही आईच्या बाबतीत होत असेल, तर संमोहनाच्या आधी ते डॉक्टरांना सांगा. गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, दाखवायला जाल तेव्हा सांगा, किंवा सरळ बांबोळीच्या आयपीएचबीत घेऊन जा. मनोरुग्णालय म्हणून आपल्याकडे लोक अजून त्या फाटकापाशी बिचकतात. बिचकू नका. नैराश्यावर उपाय आहेत, आणि ते उतरलं की व्यायामाला बसणंही जमू लागतं.

आता मामांचं म्हणणं. त्यात अर्धं खरं आहे. सर्वांत वेगाने सुधारणा होते ती पहिल्या तीन महिन्यांत, आणि सहा महिन्यांनंतर वेग पुष्कळ कमी होतो. पण वेग कमी होणं वेगळं आणि दार बंद होणं वेगळं. तुम्ही कुळागरांच्या, पोफळीच्या बागांच्या मुलखातल्या, म्हणून सांगते: एक पाट कायमचा बुजला तर शेजारून दुसरा काढता येतो, पण त्यात रोज पाणी सोडावं लागतं, नाहीतर तोही गाळाने भरतो. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही, आसपासचे भाग त्याचं काम शिकतात, आणि ते शिकणं सरावावर चालतं. २००६ साली अमेरिकेत २२२ रुग्णांवरची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांना झटका येऊन तीन ते नऊ महिने झाले होते. दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक वेळ त्यांच्या चांगल्या हातात मोजा घालून ठेवला आणि दुबळ्या हाताकडून रोज कित्येक तास सराव करून घेतला. हात सुधारले आणि वर्षानंतर तपासलं तेव्हाही फायदा टिकून होता. लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयात तीन आठवड्यांत ९० तासांचा सराव देतात. तिथल्या निम्म्या रुग्णांना झटका येऊन दीड वर्ष किंवा त्याहून जास्त काळ लोटलेला होता, तरी त्यांच्या हातात फरक पडला. तिथे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हेही लक्षात ठेवायला हवं. मोज्याचा उपाय मात्र घरच्या घरी करू नका. चांगला हात अडकलेला असताना तोल गेला तर सावरता येत नाही, आणि बोटं-मनगट थोडंफार उघडत असेल तरच त्याचा उपयोग होतो. आईची बोटं थोडी उघडतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून फिजिओंना हा प्रश्न जरूर विचारा.

आणि 'चार महिन्यांत काडीचा फरक नाही' हे तुम्ही कशावरून ठरवलंत? तुम्ही आईला रोज पाहता. रोज पाहणाऱ्याला हळू होणारा बदल दिसत नाही, आणि न झालेला बदलही कधीकधी दिसल्यासारखा वाटतो. म्हणून मोजावं लागतं. फिजिओंकडे फ्यूगल-मेयर नावाची परीक्षा असते. खांद्यापासून बोटांपर्यंतच्या हालचालींना ६६ पैकी गुण देतात. चार महिन्यांपूर्वीचे गुण असतील तर मागून घ्या. नसतील तर या आठवड्यात घ्यायला सांगा.

सरावाचाही हिशेब करू या. २००९ साली उत्तर अमेरिकेतल्या एका पाहणीत असं दिसलं की फिजिओच्या एका सत्रात रुग्णाचा हात कामाची हालचाल सरासरी अवघी ३२ वेळा करतो. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदूची नवी जुळणी झालेली दिसली, त्यांत ही संख्या दिवसाला शेकड्यांत असते. तुमच्या घरी आठवड्यातून तीन सत्रं होतात. उरलेल्या वेळात आईचा उजवा हात काय करतो, हे पत्रात कुठेच नाही. माझा अंदाज, मांडीवर असतो. तिला घास भरवता का? साडी कोण नेसवतं? वाटी कोण पुढे सरकवतं? हे प्रेमाने होतं, पण त्यात हाताची संधी जाते. टेबलावरचं फडकं उजव्या हाताने सरकवणं, डब्याचं झाकण डाव्या हाताने फिरवताना उजव्याने डबा दाबून धरणं, केळं सोलताना उजव्या मुठीत धरणं, एवढ्यापासून सुरुवात होते. तिला वेळ लागेल, सांडेल. सांडू द्या.

इतकं झाल्यावर संमोहनाकडे येते.

पणजीला जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारिया या संमोहनाचा अभ्यास करणाऱ्या धर्मगुरूंचा पुतळा तुम्ही पाहिला असेलच. १९४५ साली रामचंद्र पांडुरंग कामत यांनी केलेला. एक पुरुष हात पसरून उभा, आणि त्याच्यापुढे मागे कलंडणारी स्त्री. पाहणाऱ्याला वाटतं, शक्ती त्या पसरलेल्या हातांत आहे. कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या फारियांनी पॅरिसमध्ये याच्या नेमकं उलट सांगितलं. त्या काळी मेस्मर या डॉक्टरचे अनुयायी म्हणत की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून एक अदृश्य चुंबकीय प्रवाह निघतो आणि तो रुग्णाला बरं करतो. फारिया म्हणाले, असा कुठलाही प्रवाह नाही. जे घडतं ते समोरच्याच्या एकाग्रतेतून, अपेक्षेतून आणि त्याला दिलेल्या सूचनेतून घडतं. १८१९ साली ते वारले. इतकी वर्षं गेली, पण आजच्या संमोहनाचा पाया बराचसा तोच आहे. म्हणून जो माणूस 'मी दहा बैठकांत हात आणून देतो' म्हणतो, तो आपल्याच गोंयकाराने मोडीत काढलेली समजूत विकतोय, असं मला वाटतं.

संमोहन म्हणजे झोप नव्हे आणि भानही हरपत नाही. लक्ष एका जागी गोळा होतं, आजूबाजूचं मागे पडतं, अंग सैल होतं आणि सूचना मनात नेहमीपेक्षा खोल उतरते. सगळ्यांना ते सारखं जमत नाही. साधारण दहा-पंधरा टक्के माणसं फार सहज त्यात शिरतात, जवळजवळ तेवढ्यांनाच काही जाणवत नाही, बाकीची मधली. हा मनाच्या ताकदीचा किंवा श्रद्धेचा मामला नाही. आईला जमलं नाही तर 'तुमचा विश्वास कमी पडला' असं कोणी तिला म्हणता कामा नये. हे पहिल्या बैठकीआधीच त्या माणसाकडून कबूल करून घ्या. ज्या बाईला नऊ महिने 'मनावर घेत नाही' म्हणून ऐकावं लागलंय, तिच्या माथी आणखी एक अपयश मारायचं नाही.

पुरावा किती आहे? वेदनेच्या बाबतीत चांगला आहे. १९९७ साली कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं की संमोहनातल्या सूचनेने वेदनेचा त्रासदायकपणा बदलतो आणि त्याबरोबर मेंदूतल्या विशिष्ट भागाची हालचालही बदलते. पक्षाघातातल्या हाताच्या बाबतीत मात्र पुरावा तुटपुंजा आहे. २००६ साली अमेरिकेत सहा रुग्णांचे अनुभव नोंदवले गेले, ज्यांना झटका येऊन बराच काळ लोटला होता. हाताची हालचाल, पकड आणि ताठरपणा यांत काही सुधारणा दिसली, उमेदही वाढली. पण रुग्ण सहाच, आणि तुलनेला कोणी नाही. एवढ्यावर 'हात येतो' असं म्हणता येत नाही.

छोट्या अभ्यासांवर मी इतकी सावध का, त्याचं एक उदाहरण देते. २०११ साली फ्रान्समध्ये ११८ रुग्णांवर फ्लुओक्सेटिन या गोळीची चाचणी झाली. ही गोळी नैराश्यावर देतात. तिच्याने हातापायाची हालचाल जास्त सुधारते असं दिसलं आणि जगभर आशा पालवली. २०१८ साली ब्रिटनमध्ये तीन हजारांहून जास्त रुग्णांवर तीच गोळी तपासली, तेव्हा रोजच्या कामांत काही फरक निघाला नाही, उलट गोळी घेणाऱ्यांत हाडं मोडण्याचं प्रमाण थोडं वाढलं. नीट केलेल्या शंभरावर माणसांच्या अभ्यासाचं हे झालं, तर सहा माणसांच्या नोंदीवर घर गहाण टाकू नये.

तरीही मी तुम्हाला सरळ 'नको' म्हणत नाही, आणि त्याला कारण आहे. संमोहनाची एक सख्खी बहीण आहे, तिचा पुरावा बराच बरा आहे: हालचाल मनातल्या मनात करणं. डोळे मिटून, आपला हात वाटीकडे जातोय, बोटं उघडताहेत, कड धरताहेत, असं बारकाईने अनुभवायचं. २०२० साली २५ अभ्यास एकत्र तपासले गेले. नेहमीच्या उपचारांना हा मानसिक सराव जोडला, तर नुसत्या उपचारांपेक्षा हात जास्त वापरता येतो, असं त्यात निघालं. आरशाच्या सरावाचंही तसंच: चांगल्या हाताचं प्रतिबिंब दुबळ्या हाताच्या जागी दिसेल असा आरसा मध्ये उभा करायचा आणि दोन्ही हात हलवायचे. हे दोन्ही जवळजवळ फुकट आहेत. संमोहनाने मनातलं चित्र अधिक जिवंत होत असेल, अंग सैल झाल्याने आवळलेली बोटं काही वेळ सुटत असतील, सरावाची भीती कमी होत असेल, तर ते या सरावाला उपयोगी पडू शकतं. यातल्या प्रत्येक ठिकाणी हातानेच पुढे जायचं आहे, संमोहन फक्त त्याआधीचं पाऊल आहे. त्यामुळे ज्याची पहिली अट 'फिजिओ बंद' आहे, त्याला मी नकार देईन. नऊ महिन्यांनी पुन्हा सराव थांबवला तर मूठ आणखी घट्ट होते, सांधे आखडतात, आणि ते परत सोडवायला दुप्पट कष्ट पडतात.

करायचंच ठरलं तर कसं करावं, ते माझ्या डोळ्यांपुढे असं आहे. तुम्ही लिहिलंय की आई अबोलीचे वळेसर (गजरे) आणि म्हार्दोळच्या जायांच्या (जाईच्या फुलांच्या) पूजेसाठी माळा करायची. हे सोनं आहे, त्याचा वापर करा. फिजिओ यायच्या आधी वीस मिनिटं संमोहनाची बैठक, खुर्चीत, उजव्या कोपराखाली उशी. 'तुमचा हात बरा होतोय' असल्या मोघम सूचना नकोत. समोर परडी आहे, जाईच्या कळ्यांचा वास येतोय, केळीच्या सोपाचा ओला दोरा बोटाला थंड लागतोय, अंगठा आणि तर्जनी एकमेकांपासून दूर होताहेत, दूर, आता दोऱ्याच्या दोन बाजूंना येताहेत. एका बैठकीत एकच हालचाल. तिच्या घरच्या बोलीत, तिच्या लयीत. आणि डोळे उघडल्यावर लगेच, चहापाणी न करता, फिजिओंनी तीच हालचाल खऱ्या हाताकडून करून घ्यायची. आधी काथ्याची जाड दोरी, मग सुतळी, मग दोरा. फिजिओ मनगटाला आधार देतील, बोटं आईची. अंग सैल झालेलं असतं ते थोडा वेळच, तो वेळ गप्पांत घालवायचा नाही. बैठकीनंतर एकदम उभं राहू देऊ नका, गुंगीसारखं वाटून तोल जाऊ शकतो.

दोन्ही माणसांनी एकमेकांशी बोललं पाहिजे, निदान फोनवर. या आठवड्यात कुठली हालचाल घेतोय, हे फिजिओंनी ठरवायचं आणि संमोहन करणाऱ्याने त्यावर सूचना बेतायच्या. त्याला हे कमीपणाचं वाटत असेल तर तो तुमच्या कामाचा नाही.

माणूस कोण असावा? मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर, किंवा आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषदेकडे) नोंद असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, आणि संमोहनाचं रीतसर शिक्षण घेतलेले. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. पक्षाघात झालेल्या माणसांबरोबर पूर्वी काम केलंय का, तेही विचारा. प्रत्येक बैठकीचे पैसे त्या त्या वेळी. आणि लकवा बरा करण्याची हमी देणारी औषधांची किंवा चमत्कारी उपायांची जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे भावाला सांगून ठेवा. संमोहन त्यात बसतं की नाही, हा वकिलांचा प्रश्न. पण हमी कोणीही दिली तरी सावध व्हावं, एवढं त्यातून घेता येतं.

त्याआधी न्यूरॉलॉजीच्या डॉक्टरांना विचारायच्या काही गोष्टी आहेत. झटक्यानंतर आईला कधी फिट आली का? स्मरण किंवा समज कमी झाली आहे का? नैराश्य खोल आहे का? यातलं काही असेल तर संमोहन त्यांच्या परवानगीशिवाय नको. आणि खांदा दुखत असेल तर आधी तो तपासून घ्या. पक्षाघातात खांद्याचे स्नायू ढिले पडून सांधा थोडा खाली उतरतो. संमोहनाने दुखणं दबलं आणि त्या भरात हात ओढला गेला, तर इजा होईल आणि कळणारही नाही. तुम्हीसुद्धा आईला उठवताना उजवा हात धरून किंवा काखेत हात घालून ओढू नका. घरोघरी हे होतं, आणि खांद्याची बरीच दुखणी तिथूनच सुरू होतात. रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून थांबवायच्या नाहीत, त्यावर चर्चाही नको.

उपयोग होतोय की नाही, हे कळण्यासाठी आधी दोन आठवडे नुसता फिजिओ आणि वाढवलेला घरचा सराव. मग चार आठवडे त्याला संमोहनाची जोड. मग दोन आठवडे पुन्हा संमोहनाशिवाय. दर रविवारी एकाच वेळी, एकाच खुर्चीत मोजायचं. दवाखान्यात एका मिनिटात लाकडी ठोकळे एका खणातून दुसऱ्यात टाकायची चाचणी असते, त्याच धर्तीवर तुम्ही सुपाऱ्या घ्या. दोन वाट्या, मध्ये उभी पाटी, एक मिनिट. सुपारी उचलता येत नसेल तर फडकं किती वेळा पुढे सरकवलं ते मोजा. आकडा वहीत लिहा आणि फोनवर चित्रण करून ठेवा. फ्यूगल-मेयरचे गुण फिजिओंनी सुरुवातीला आणि शेवटी घ्यावेत. चार-पाच गुणांहून कमी वाढ असेल तर तिला फारसा अर्थ नाही. चार आठवड्यांनी आकडे हलले नाहीत, पण आईला झोप बरी लागतेय, खांद्याचं दुखणं सोसवतंय, व्यायामाला ती स्वतःहून बसतेय, असं दिसलं तर तोही फायदाच. फक्त त्याला 'हात सुधारला' म्हणायचं नाही. आणि आधीचे दोन आठवडे मी मुद्दाम घातले आहेत. नुसता घरचा सराव वाढवल्यानेच आकडे वर जाण्याची शक्यता मला जास्त वाटते, आणि तसं झालं तर श्रेय कशाला जातं, ते तुम्हाला कळायला हवं.

ज्यांच्या घरी रुग्णाची वाचा अजून आलेली नाही किंवा सांगितलेलं नीट कळत नाही, अशा वाचकांनी संमोहनाच्या मागे लागू नये. ते सगळं शब्दांवर चालतं. त्यांच्यासाठी आरशाचा सराव जास्त योग्य, तो पाहून करता येतो. आणि ज्यांच्या घरी झटका येऊन महिनाही झाला नाही, त्यांनी हे सगळं बाजूला ठेवून आधी पूर्ण वेळ फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं पुन्हा शिकवणारा उपचार) मिळवण्यामागे लागावं. ती वेळ परत येत नाही.

पैशांचं बोलते. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर त्यात काय बसतं ते रुग्णालयातल्या योजनेच्या खिडकीवर विचारा. गोमेकॉतल्या फिजिओथेरपी विभागात महिन्यातून एकदा तरी आईला दाखवून व्यायाम बदलून घ्या. घरी येणारे फिजिओ चांगले असतील, पण तेच ते व्यायाम चार महिने चालले असतील तर दुसऱ्या नजरेची गरज आहे. दहा बैठकांसाठी जे पैसे भाऊ एकरकमी द्यायला निघालाय, त्यात फिजिओंची आठवड्यातली आणखी दोन सत्रं काही महिने होतील का, ते बसून मांडा. दोन्ही परवडत नसेल, एकच परवडत असेल, तर मी सत्रंच वाढवीन.

आणि आईला विचारा. तुमच्या एवढ्या लांब पत्रात तुमचं मत आहे, भावाचं आहे, मामांचं आहे, त्या गृहस्थाचंही आहे. आईचं एक वाक्य नाही. तिला संमोहनाची भीती वाटते का? लहानपणी तिने जत्रेत कोणाला भारलेलं पाहिलं असेल, 'माझ्याकडून नको ते बोलवून घेतील' असं तिच्या मनात असेल. तिला हाताने सगळ्यात आधी काय करायचंय? तुम्ही माळांचं लिहिलंत, पण कदाचित तिला फक्त न्हाणीघरात कोणाची मदत न घेता कपडे घालायचे असतील, आणि ते ती मुलाला सांगू शकत नसेल. तसं असेल तर फिजिओंचे व्यायाम आणि संमोहनातल्या सूचना दोन्ही त्यावर बेतायच्या, फुलं मागाहून.

भावाशी भांडू नका. तो आईसाठीच धावतोय. त्याला त्या गृहस्थाकडे पुन्हा जाऊ द्या, पण एकच प्रश्न घेऊन: 'फिजिओ चालू ठेवून, त्यांच्याशी बोलून, बैठकीगणिक पैसे घेऊन तुम्ही हे कराल का?' तो हो म्हणाला तर त्याची नोंदणी पाहा आणि डॉक्टरांना विचारून पहिली बैठक ठरवा. नाही म्हणाला तर बांबोळीला विचारा, तिथले डॉक्टर योग्य माणूस सुचवतील. तोपर्यंत उद्यापासून जेवताना आईची वाटी तिच्या उजव्या हाताशी ठेवा.